बुधवारच्या आठशे सह्या

वीस माणसं, चाळीस बुधवार, आठशे सह्या. एकही गाळलेली नाही. रविवारी दुपारी जेवणं आटोपून हजेरीवही उघडली, बेरीज केली, आधी खूश झाले आणि मग माझं डोकं फिरलं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीसुद्धा वर्षातून चार दांड्या मारतात. ही तर साठी-सत्तरीची माणसं. कुणाचे गुडघे, कुणाचा मोतीबिंदू, कुणाच्या गळ्यात नातवंडं. आणि हजेरी म्हणे शंभर टक्के!

आमच्या प्रकल्पाचं कागदावरचं नाव एका दमात म्हणता येत नाही. साध्या शब्दांत सांगायचं, तर बंद पडलेल्या कारखान्याच्या जुन्या कँटीनमध्ये दर बुधवारी चार ते सहा आम्ही जमतो. कारखान्यातले निवृत्त कामगार चालत फुटबॉल खेळतात. धावलं की शिट्टी, आणि शिट्टी माझ्याकडे. मग घाम पुसत जुने फोटो, जर्सी, हत्यारं टेबलावर घेऊन बसतात. फोटोत कोण उभा आहे, हे हत्यार कशाला वापरायचे, हे ते सांगतात आणि मी लिहून घेते. खेळ झाला, वारसा जपला. त्यासाठी एक संस्था अनुदान देते. दुसऱ्या वर्षाचं हवं असेल, तर पंचाहत्तर टक्के हजेरी दाखवायची. म्हणजे आठशेतल्या सहाशे सह्या. नाही जमलं तर कँटीन गोदामासाठी जाणार. मालकानं तसं आधीच बजावलंय.

मोजायला आणखीही बरंच काही होतं. ‘तुम्हाला किती आनंदी वाटतं, एक ते दहा’ असा एक फॉर्म होता. त्यावर क्रेनवाल्या काकांनी ‘पेन्शनच्या तारखेवर अवलंबून’ असं लिहिलं. दर बुधवारी तारखेसह एक ग्रुप फोटोही काढायचा होता. तो मी इमानेइतबारे काढला होता. त्या दुपारी चाळीस फोटो आणि वही शेजारी ठेवली आणि डोकी मोजायला बसले. लाल पेनानं खोट्या सह्या खोडत गेले. दोनशे छत्तीस निघाल्या. उरल्या पाचशे चौसष्ट. छत्तिसांनी कमी.

सगळ्यात खाली आबांचं नाव होतं. आबा म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या टीमचे गोलकीपर. आई गेल्यापासून, दोन वर्षं झाली, त्यांनी घराचा उंबरा ओलांडलेला नाही. गॅलरीतली खुर्ची आणि ते. खरं सांगते, अर्जात मी वीस कामगारांचं भलं लिहिलं, पण मनात एकच होता. यादीत त्यांचं नाव मीच घातलं, आज येतील, पुढच्या बुधवारी येतील, या आशेवर. ते एकदाही आले नाहीत. आणि त्यांच्या नावापुढे चाळीस सह्या! अक्षर टीममधल्या वेल्डरकाकांचं, आबांच्या जुन्या सोबत्याचं. ते बेरकी, वाकडं अक्षर मी झोपेतही ओळखीन. त्या चाळीस खऱ्या असत्या, तर आम्ही सुटलो असतो. मला रडू आलं. रागानं आलं की कशानं, कोण जाणे.

सोमवारी सकाळी क्रेनवाल्या काकांच्या दारात जाऊन उभी राहिले. तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, ‘‘काका, बुधवारी अनुदानवाल्या मॅडम वही तपासायला येताहेत आणि तिच्यात दोनशे छत्तीस सह्या खोट्या! लाज वाटत नाही का तुम्हाला? माझी नोकरी गेली तरी चालेल, पण तुमचंच कँटीन जाईल!’’

काका शांतपणे दाराला तेल घालत होते. म्हणाले, ‘‘खोटी कुठाय? सही केली म्हणजे जबाबदारी घेतली.’’

‘‘कसली जबाबदारी?’’

‘‘अगं, कारखान्यातली रीत आहे ती. कुणी नाही आला, तर सोबत्यानं त्याची हजेरी लावायची. त्याचा रोज बुडू द्यायचा नाही. पण फुकट नाही हां. ज्यानं सही केली, त्यानं त्याचं काम उचलायचं आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन दिवसभरात काय झालं ते सगळं सांगायचं. म्हणजे दुसऱ्या दिवशी तो आला की अडाण्यासारखा उभा राहायचा नाही. घरी न जाता सही करणाऱ्याला आम्ही डब्याला बसू द्यायचो नाही.’’

‘‘आणि आता?’’

‘‘आता काम नाही उचलायला. पण घरी जातोच की. स्कोअर सांगायचा, कुठल्या फोटोवरून भांडण झालं ते सांगायचं. जातोच गं. न जाऊन कसं चालेल?’’

मी तिथेच पायरीवर बसले. माझ्या डोळ्यांपुढे आमचं सिंक आलं. बुधवारी मी कँटीनला कुलूप लावून तशीच शिकवण्या घ्यायला जाते, घरी यायला साडेआठ होतात. आणि दर बुधवारी सिंकमध्ये दोन कप असतात. मला वाटायचं, आबा चोरून दुसरा चहा घेतात. शुगर असून! वर्षभर दर बुधवारी मी त्यांना त्यावरून फाडून खाल्लं होतं.

घरी जाऊन विचारलं, ‘‘आबा, वेल्डरकाका येतात का हो इथे?’’

‘‘येतो. दर बुधवारी.’’

‘‘मग सांगायचं नाही?’’

‘‘तू विचारलंस कुठे? तू थेट साखरेवरच घसरलीस.’’ आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. ‘‘गोलकीपर म्हणून त्या फिटरला उभं करता तुम्ही. डाव्या बाजूनं तो साफ आंधळा आहे. मी किती निरोप पाठवले.’’

निरोप? आठवलं. वेल्डरकाका सारखे ओरडायचे, ‘‘डावीकडे सरक, डावीकडे!’’ मला वाटायचं, स्वतःच्या डोक्यानं बोलताहेत.

बुधवारी मॅडम आल्या. तरुण, नीटनेटक्या, बोलायला गोड. मी काही लपवलं नाही. लाल रेघांची वही पुढे केली आणि काकांनी सांगितलेली रीतही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला. पण साडेसत्तर टक्के होतात. आणि घरी गेले, याला पुरावा काय? मी काय लिहू?’’ त्यांचंही खरंच होतं. मागे सगळे म्हातारे बुटांच्या नाड्या बांधायचं सोडून आमच्याकडे बघत होते.

आणि दारातून आबा आले.

इस्त्रीचा शर्ट, पायात आईनं शेवटच्या वर्षी घेतलेले बूट. माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ टेबलाशी आले, मॅडमच्या हाताखालची वही स्वतःकडे ओढली, चष्मा नाकावर सरकवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वेल्डरकाकांच्या नावापुढे सही ठोकली.

‘‘आबा!’’ मी किंचाळलेच.

‘‘ओरडू नकोस. काल त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चाळीस वेळा तो माझ्यासाठी आला. आज माझी पाळी आहे.’’

मॅडमनी वहीकडे पाहिलं, मग आबांकडे. ‘‘काका, तुमचं नाव कुठलं?’’

आबांनी बोट ठेवलं. पुढे चाळीस लाल रेघा. ‘‘हे. पण मी एकदाही आलो नव्हतो. पोरीनं बरोबर खोडलंय.’’

‘‘मग आज स्वतःची सही करा की.’’

आबांनी केली.

मॅडमनी पेन उघडलं. ‘‘या दोनशे छत्तीस घरभेटी असतील, तर प्रत्येकाला विचारून लिहून घ्यावं लागेल. कोण गेलं, कुणाकडे, काय सांगितलं. मी थांबते.’’ आणि खरंच थांबल्या. मग जो गोंधळ झाला! सगळे एकदम बोलायला लागले. कुठल्या बुधवारी काय स्कोअर होता, फोटोतला मिशीवाला कोण यावरून कोण कुणाच्या घरी किती वाजेपर्यंत भांडत बसलं, सगळं त्यांना तोंडपाठ. मॅडमची तेरा पानं भरली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. वर्षाचं नाही, सहा महिन्यांचं अनुदान मिळालं, आणि वहीत ‘घरभेट’ असा नवा रकाना घालायची सूचना. क्रेनवाले काका म्हणाले, ‘‘आता भेटीची पण सही? मग भेटीला कुणी गेलं नाही, तर त्याची सही कोण करणार?’’ मी त्यांना शिट्टी दाखवली.

पण ते पुढचं. त्या बुधवारी आबा गोलमध्ये उभे राहिले, चार गोल खाल्ले, दोन अडवले, आणि सहा वाजता मला म्हणाले, ‘‘स्कोअर नीट लिहून दे. त्याला सांगायचाय.’’ चिठ्ठी खिशात घालून निघून गेले. मी शिकवण्या उरकून साडेआठला घरी आले. गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. सिंक कोरडं होतं, एकही कप नाही. मी दिवा लावला, खुर्चीत जाऊन बसले आणि आबांची वाट बघू लागले.