पुढं बसणारी

“वळतोय!” जनार्दन शिर्क्यांनी हाळी दिली आणि सुकाणूचा दांडा पलीकडे लोटला.

उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं. उत्तर देणाऱ्या बायकोला, निरुपमाला, जाऊन सहा महिने झाले होते; पण तोंडाची सवय कुठली जायला?

बोटीचं नाक वाऱ्याकडे निम्म्यापर्यंत गेलं. शीड फडफडलं. बोट जागच्या जागी थबकली, जरा विचार केल्यासारखं केलं आणि रुसल्या पोरासारखी पुन्हा होती त्याच कुशीवर झाली. सकाळपासूनची ही चौथी खेप. समोर गवताचा काठ जवळ यायला लागला तेव्हा जनार्दनरावांनी मुकाट्यानं वल्हं काढलं आणि नाक हातानं फिरवून घेतलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी त्यांना लाज वाटली.

तलावाचा राखणदार कानजीभाई काठावर बिडी ओढत बसला होता. “शिर्केकाका, आजे पण ना फरी?”

“ना फरी, भाई.” आजही वळली नव्हती.

“पहेलां तो मस्त फरती हती!”

तेच तर कळत नव्हतं. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिरकं जायचं, मग नाक वाऱ्यातून काढून शीड दुसऱ्या बाजूला घ्यायचं, पुन्हा तिरकं जायचं. असं नागमोडी करत वर चढायचं. तळातल्या फटीतून एक फळी पाण्यात सोडलेली असते, ती बोटीला आडवं घसरू देत नाही. हे सगळं जनार्दनरावांनी अकरा वर्षं केलं होतं. तीच बोट, तेच शीड, तेच हात. निरुपमा गेल्यावर मात्र वाऱ्यातून वळायचं म्हटलं की बोट अंग चोरत होती.

जनार्दनराव बडोद्याच्या एका ओतशाळेत पॅटर्नमेकर होते. ओतायच्या वस्तूचा आधी सागवानात हुबेहूब नमुना करायचा, त्याचा साचा वाळूत उठवायचा, मग त्यात धातूचा रस ओतायचा. सव्वीस वर्षं त्यांनी हे काम केलं आणि केसाइतका फरक कधी पडू दिला नाही. शिर्क्यांनी मापलंय म्हटल्यावर पुन्हा कोणी मापायचं नाही, असा तिथला रिवाज. एक परदेशी साहेब मशिनरी बसवायला आला होता, तो जाताना बोटीच्या नकाशांची गुंडाळी त्यांना देऊन गेला. साडेपंधरा फुटांची बोट, दोन माणसं कशीबशी आडवी होतील एवढी छपराची खोली. वाडी भागातल्या घरासमोर दीड वर्ष रंध्याचा आवाज चालला होता. “बडोद्यात समुद्र येणारेय का हो?” म्हणून गल्लीनं यथेच्छ चेष्टा केली. निरुपमा म्हणायची, “येईल तेव्हा येईल, तुम्ही दार तेवढं मोकळं ठेवा.”

पुढं बाहेरून स्वस्त माल यायला लागला आणि शहाण्णव साली ओतशाळेला टाळं लागलं. जनार्दनरावांना बोट उरली आणि निरुपमा उरली. आता नुसती बोट उरली होती, आणि तीही ऐकत नव्हती.

पुण्याहून मुलीचा, मनालीचा, फोन दर रविवारी यायचा. या वेळी ती सरळ मुद्द्यावर आली.

“बाबा, शेजारच्या काकू सांगत होत्या, तुम्ही दूध गॅसवर ठेवून बाहेर गेलात.”

“एकदा गेलो.”

“दोनदा. आणि वर एकटे पाण्यात जाता. बोट वळत नाही म्हणता, पण मला वाटतं...”

“बोल की. बोटीत बिघाड नाही, म्हाताऱ्यातच आहे, असंच ना?”

खरं तर त्यांनाही रात्रंदिवस तेच वाटत होतं. शीड उसवून पुन्हा शिवून झालं, सुकाणू उतरवून तपासून झालं, दोऱ्या सैल करून झाल्या, ताणून झाल्या. बोटीत काही सापडत नाही म्हणजे दोष आपल्यातच आहे. दोष हातांत असेल तर तो डोक्यात चढायला किती वेळ? ही भीती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

“उत्तरायणला ये,” ते म्हणाले. “तुझ्यासमोर वळवून दाखवतो. वळली तर मी इथं राहणार. नाही वळली, तर बोट विकून तुझ्याबरोबर पुण्याला येतो. मग कुरकुर करणार नाही.”

मनाली आली. उत्तरायणच्या, आपल्या संक्रांतीच्या, दिवशी सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर होतं. वासी उत्तरायणला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, लोकांचे घसे बसले होते, तरी वाडीतून निघताना दर गच्चीवरून पतंग कापल्याचं “काप्यो!” ऐकू येत होतंच. पतंगाला चांगला तो वारा शिडालाही चांगला. जनार्दनरावांनी तरी दोऱ्यांच्या गाठी दोनदा तपासल्या. उंधियूचा डबा मांडीवर धरून मनाली बोटीत त्यांना खेटून मागं बसली. तिला पोहता येत नव्हतं.

“वळतोय!”

नाक निम्म्यावर गेलं, शीड फडफडलं, बोट मागं आली. पुन्हा एकदा. पुन्हा तसंच. मनाली डब्याच्या झाकणाकडे बघत राहिली.

“झालं,” ते म्हणाले. “चल, जाऊ परत. नकाशे त्या साहेबाला पाठवून द्यावेत म्हणतो. पत्ता कुठंतरी असेल.”

“बाबा, असं नका ना बोलू. आधी दोन घास खाऊन घ्या. इथं ऊन लागतंय, मी पुढं सावलीत बसून डबा काढते.” ती सरकत सरकत डोलकाठीपाशी जाऊन बसली. तिच्या आईची जागा तीच. ऊन लागतं, मला पुढंच बरं, म्हणायची ती.

गवत जवळ आलं होतं. वल्हं घेण्याआधी जनार्दनरावांनी नुसतं सवयीनं दांडा लोटला. हाळीसुद्धा दिली नाही.

बोट वळली. नाक वाऱ्यातून अलगद पार गेलं, शीड एका झटक्यात दुसऱ्या बाजूला भरलं आणि बोट शहाण्यासारखी निघाली. मनालीच्या हातातला डबा कलंडला.

जनार्दनराव बघतच राहिले. “मने, मागं ये.”

ती मागं आली. बोट वळली नाही.

“पुढं जा.”

बोट वळली.

“परत मागं.”

“बाबा, काय चाललंय काय?”

“मलाही कळत नाहीये,” ते म्हणाले.

काठावर बोट ओढून घेतल्यावर त्यांनी खिशातला टेप काढला. नाकापासून फळीच्या फटीपर्यंत मापलं. नकाशात आठ फूट होतं. टेप आठ फूट दोन इंच सांगत होता. त्यांनी तीनदा मापलं. मग ते हत्यारांच्या पेटीतून पितळेची जुनी पट्टी घेऊन आले आणि तिनं मापलं. बरोबर आठ फूट.

पट्टी हातात धरून ते खाली वाळूतच बसले.

“ही ओतशाळेची पट्टी,” ते मनालीला म्हणाले. “ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको, म्हणून पट्टीवरचा इंचच मोठा असतो. फुटामागं पाव इंच. बोटीच्या तळाची मोठी फळी, जिच्यात ही फट आहे, तेवढी मी कारखान्यात आखली. ह्या पट्टीनं. हाताला तीच सवय. फट दोन इंच मागं गेली. म्हणून नाक वाऱ्याकडे जायला नको म्हणतं. पुढं वजन असलं, नाक दबलं, तरच ऐकतं.”

“म्हणजे इतकी वर्षं...”

“तुझी आई पुढं बसत होती. माझी चूक अकरा वर्षं तिनं बसून झाकली.”

मनालीनं विचारलं, “आईला माहीत होतं?”

जनार्दनरावांना आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. एकदा निरुपमानं विचारलं होतं, “अहो, मी मागं आले की ही अडते का हो? एकदा मापून बघा ना.” आणि हे हसले होते. शिर्क्यांनी मापलेलं पुन्हा मापायचं? “तू डबा सांभाळ,” म्हणाले होते. ती पुन्हा कधी बोलली नाही. डबा घेऊन पुढंच बसत राहिली.

हे त्यांनी मनालीला सांगितलं. सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं ते पुसलं नाही.

मनालीनं पट्टी त्यांच्या हातातून घेऊन पेटीत ठेवली. “वळली ना, बाबा. ठरलं होतं तसं. राहा तुम्ही इथंच. फक्त दूध तापत असताना बाहेर पडू नका.” मग म्हणाली, “ती फट आता नीट करून घ्याल ना?”

“आठवड्याचं काम आहे.”

“मग?”

“बघू.”

मनाली गेल्यावर त्यांनी फट काही कापली नाही. रेतीच्या दोन गोणी शिवून घेतल्या. इस्पितळाच्या शेवटच्या कागदावर निरुपमाचं वजन अडतीस किलो लिहिलेलं होतं. तेवढी रेती भरून पाहिली, बोट वळली नाही. ते त्यांना पटलंच. अडतीस किलोची ती निरुपमा नव्हतीच. मग कानजीभाईच्या फावड्यानं थोडी थोडी रेती वाढवत गेले. पंचावन्नाला बोट वळली. आजारपणाच्या आधी ती तेवढीच होती.

दुसऱ्या रविवारी वारा बरा होता. गोणी डोलकाठीपाशी सावलीत ठेवल्या होत्या. समोर गवताचा काठ जवळ आला.

“वळतोय!” जनार्दनरावांनी हाळी दिली.

“वळा की, कोणी अडवलंय!” असं म्हणायची ती, दर वेळी, अकरा वर्षं. तेवढं म्हणायला जितका वेळ लागतो तितका वेळ जनार्दनराव दांडा धरून थांबले. मग त्यांनी तो लोटला.