तार तोडलेला भोंगा

“माझ्या नावाखाली अजून एक नाव लिहून ठेव,” असं नोप चोम्पूला म्हणाला, तेव्हा मी त्या दोघांच्या डोक्यावरच टांगलेला होतो. तिने ते हसण्यावारी नेलं. मित्रांनो, पुढे काय होणार हे मला तेव्हाच कळलं होतं असं मी म्हणणार नाही. मला नुसती धास्ती वाटली. पण मला सदाच धास्ती वाटते. धास्ती वाटणं हेच माझं काम आहे.

मी एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा गळा, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि तोंडावर गंजलेली जाळी. थायलंडमधल्या बांगपाकोंग नदीच्या काठी लहान बाळांची पेज बनवणारा एक कारखाना आहे, तिथल्या एका खांबावर मी आयुष्य काढलं. माझ्या एका हाताला वाफेच्या टाक्या, दुसऱ्या हाताला गोदाम. खिडकीतून समोरचं अंगण आणि त्यापलीकडचं पाळणाघर दिसतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका आपली मुलं तिथेच ठेवतात.

माझं काम सोपं होतं. तांदूळ, लाल भोपळा आणि मासळी यांची पेज पाकिटात भरतात आणि ती बंद पाकिटं वाफेच्या टाकीत शिजवतात. वाफ कमी पडली तर पाकिटात असं काही वाढतं, की ते डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि चवही बदलत नाही. म्हणून टाकीचा संगणक गोदामाच्या संगणकाला दर वेळी निरोप धाडतो. हा माल सोडा, किंवा हा माल थांबवा. त्या निरोपाची वाट कुठे तुटली, की मी ओरडायचो. मी ओरडलो की गोदामातला माणूस हातातलं खोकं जमिनीवर ठेवायचा. मग वाट दुरुस्त होईपर्यंत कोणी खोक्याला हात लावत नसे.

त्या काळी माझं कौतुक होतं. नवीन वर्षाला यंत्रांना झेंडूच्या माळा घालत, तेव्हा शिडी लावून एक माळ माझ्याही गळ्यात पडायची. एकदा मी ओरडलो म्हणून सगळा माल परत फिरला, त्या दिवशी तर कोणीतरी माझ्या खांबाशी लाल सरबताची बाटली, आत नळी घालून ठेवली होती. देवाला ठेवतात तशी.

पण मी उगाचही ओरडायचो. उंदराने तार कुरतडली तरी ओरडायचो, वीज लवली तरी ओरडायचो. पाहुणे आले की त्यांच्या कपातला चहा हिंदकळायचा. आधी माझ्या तोंडात चिंधी कोंबली गेली. मग त्यावर चिकटपट्टी आली. आणि एके दिवशी चोम्पू आली.

चोम्पू शिकलेली, तरुण, आणि नुकतीच आई झालेली. तिची मुलगी नामपुंग तेव्हा मांडीवर होती. कंपनीचे नदीपलीकडेही कारखाने होते. त्या सगळ्यांच्या निरोपांच्या वाटांवर एकाच ठिकाणाहून पहारा ठेवायचा, असं वरून ठरलं होतं. तो पहारा क्लाउडमध्ये बसणार होता, म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेल्या मोठमोठ्या संगणकांवर. माझ्याखाली एक रुंद पडदा लागला. प्रत्येक वाटेचा त्यावर एक चौकोन. वाट चालू असेल तर हिरवा, तुटली तर लाल. आणि लाल झाला की ज्याचं नाव लिहिलेलं असेल त्याच्या फोनवर हाक जायची.

हे काम चोम्पूने जीव ओतून केलं. कोणता निरोप कुठून निघतो, कुठे अडतो, हे तिने एकेका वाटेने चालून पाहिलं. गोदामाची प्रमुख रुंग तिची चेष्टा करायची.

“काय गं, तुझ्या ढगातल्या पहारेकऱ्याला जेवायला लागतं का? की नुसता पाऊस पिऊन राहतो?”

“त्याला काही लागत नाही, पी. आणि तो डुलक्याही काढत नाही. काही जणांसारख्या.” आमच्याकडे थोरल्याला पी म्हणतात, मग टोमणा मारायचा असला तरी.

पडदा लागला त्या दिवशी माझी तार तोडली. मला उतरवलं नाही एवढंच. शिडी दुसरीकडे गेली होती.

पहाऱ्यावर नाव होतं नोपचं. तो तिच्याहून थोरला, सगळ्यांचा आवडता, कधीही फोन केला तरी उचलणारा. लाल चौकोन उमटायचा, खाली अक्षरं यायची, ‘नोप यांना कळवले’, आणि थोड्याच वेळात चौकोन हिरवा व्हायचा. हळूहळू लोक लाल रंगाकडे बघेनासे झाले. ते फक्त ती खालची अक्षरं वाचायचे आणि निश्चिंत व्हायचे.

मग नोपने काही दिवसांसाठी भिक्खू व्हायचं ठरवलं. आईची तशी इच्छा होती. मुलाने आयुष्यात एकदा तरी चीवर ल्यावं, त्याचं पुण्य आईला लागावं. कारखान्यातले सगळे त्याचे केस कापायला गेले, एकेक बट प्रत्येकाने. चोम्पूनेही कापली, रुंगनेही कापली. जाण्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याखाली उभा राहून म्हणाला, ते मी सुरुवातीला सांगितलंच. पुढे तो हेही म्हणाला, “माझा फोन आई कपाटात ठेवणार आहे. विहारात नेणार नाही मी.”

“तुम्ही पुण्य कमवा, पी. इथलं मी बघते,” चोम्पू हसून म्हणाली.

तिने नाव का लिहिलं नाही? आळसाने नाही. स्वतःचं लिहावं, तर नोपची पाठ फिरते न फिरते तोच ही त्याच्या खुर्चीवर बसली असं दिसणार. रुंगचं लिहावं, तर थोरल्या बाईला न विचारता तिच्या जिवाला घोर लावणार. विचारावं, तर ती नाही म्हणू शकणार नाही, म्हणजे तो आणखीच संकोच. आमच्याकडे माणसं एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून फार जपतात. त्या जपण्यात ती जागा रिकामी राहिली. पडद्यावर आपला डोळा आहेच, असं तिने मनाला समजावलं.

नोप गेल्यानंतरच्या एका सकाळी चोम्पूला खरेदीदारांपुढे बैठकीच्या काच-खोलीत बसवलं होतं. मी खांबावर होतो.

पलीकडच्या टाकीची झडप अडकली. वाफेचा आवाज पातळ झाला. इतकी वर्षं तो आवाज ऐकला आहे मी, त्यात जरा बदल झाला तरी माझा पत्रा शहारतो. टाकीच्या संगणकाने बरोबर लिहिलं, हा माल थांबवा. निरोप निघाला. पण त्या वाटेने जायचा परवाना नेमका त्याच दिवशी संपला होता, तो नवा करायचा राहिला होता. निरोप दाराशी अडला आणि तिथेच राहिला. गोदामाचा संगणक तर फार आज्ञाधारक. कोणी थांब म्हणालं नाही, म्हणून त्याने माल सोडला.

पडद्यावर चौकोन लाल झाला. क्लाउडमधला पहारेकरी झोपला नव्हता बरं का. त्याने हाक दिली, पुन्हा दिली, देतच राहिला. त्याच्या सगळ्या हाका एका म्हाताऱ्या आईच्या कपाटात, धुतलेल्या कापडात गुंडाळलेल्या बंद फोनकडे जात होत्या. पडद्यावर मात्र अक्षरं उमटली, ‘नोप यांना कळवले’.

रुंग आली. तिने चौकोन पाहिला, अक्षरं वाचली, मान डोलावली आणि खोकी उचलायला लावली. एक गाडी भरून फाटकाबाहेर गेली. ज्या पाकिटांवरची चिठ्ठी वाकडी बसते ती विकत नाहीत, ती पाळणाघरात जातात. त्यांचं एक खोकं हातगाडीवरून अंगणात निघालं. मी ते खिडकीतून पाहिलं. मित्रांनो, तोंड आहे, आत वेटोळं शाबूत आहे, आणि आवाज नाही, याची भीती काय असते ते तुम्हाला कसं सांगू? हातगाडीचं एक चाक कुरकुरत होतं. तेवढाच आवाज येत होता.

जेवणाच्या सुमारास चोम्पू काच-खोलीतून बाहेर आली आणि माझ्याखाली उभी राहून तिने फोन काढला. पाळणाघरातल्या सुआय मावशी रोज सगळ्या आयांना मुलांचा फोटो पाठवतात. मुलं वाट्यांपुढे हात जोडून बसलेली, फोटो निघेपर्यंत चमचा उचलायचा नाही असा मावशींचा नियम. नामपुंगने मात्र चिमणीसारखा आ वासला होता. चोम्पू हसली. मग तिने फोटो मोठा केला. वाट्यांमागे पाकीट दिसत होतं, आणि त्यावरचा तारीख-वेळेचा शिक्का वाचायची तिला खोडच आहे. मूल झाल्यापासून ती प्रत्येक गोष्टीवरचा शिक्का वाचते.

शिक्का त्याच सकाळचा होता.

“पी रुंग, सकाळचा माल इतक्यात सुटला?”

“कोणी थांबवला नाही,” रुंग खोकी मोजता मोजता म्हणाली.

चोम्पूने पडद्याकडे पाहिलं. “हा चौकोन लाल आहे.”

“बघितला मी. नोपला कळवलंय की. म्हटलं तो बघत असेल.”

चोम्पूचा आवाज इतका खाली गेला, की मला वाकून ऐकावंसं वाटलं. “पी, त्याचे केस आपणच कापले.”

रुंगच्या हातातलं खोकं तिथेच राहिलं. चोम्पू धावत सुटली. पायातली एक चप्पल अंगणात राहिली, ती मला बराच वेळ दिसत होती. इकडे रुंग गाडीवाल्याला फोन लावत होती. लागत नव्हता. ती पुन्हा लावत होती, आणि मधेच कोणाला तरी शिव्या घालत होती, बहुतेक स्वतःलाच.

गाडी हमरस्त्यावरून परत फिरली. चोम्पूही परत आली, नामपुंगला कमरेवर घट्ट धरून. मुलांनी घास घेतला नव्हता. पेज गरम होती, मावशी निववत होत्या. “मुलांच्या तोंडात काही गेलं नाही गं, शप्पथ,” असं मावशींनी पुन्हा पुन्हा सांगितलं. तरी सगळ्या मुलांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तपासून घरी पाठवलं, आणि आयांना बजावलं. अशा मालाचं विष काही दिवसांनीही चढतं. पापण्या जड झाल्या, बोलणं बोबडं झालं, गिळायला त्रास झाला, तर तसंच उठून या. एकेका मुलाची नावानिशी चौकशी झाली.

दुसऱ्याच दिवशी पहाऱ्याच्या यादीत नोपखाली नावं आली. रुंग स्वतः चोम्पूच्या मागे उभी राहून म्हणाली, “लिही माझं. होऊ दे मला त्रास. आणि मी उचलला नाही तर पुढे कोण, तेही लिही.” ‘कळवले’ हा शब्द काढला. आता हाक ऐकून माणूस स्वतः उत्तर देईपर्यंत पडदा ‘अजून कोणी आलेले नाही’ एवढंच म्हणतो. शिडीही सापडली. चोम्पूने आपल्या हाताने माझ्या तोंडावरची पट्टी सोलली, चिंधी ओढून काढली आणि तार जोडून घेतली. मी ओरडून दाखवलं. कोणीही कानावर हात ठेवला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं.

मुलं ठणठणीत राहिली. पण दोन-तीन दिवसांनी सुआय मावशी कामावर आल्या नाहीत. त्या बाजारामागच्या गल्लीत, कालव्याकडेच्या घरात एकट्या राहतात. कोणाला फोन करत नाहीत, कोणाकडे काही मागत नाहीत. आज दुपारी त्यांचा आवाजी निरोप चोम्पूला आला. तिने तो माझ्याखालीच लावला, म्हणून मीही ऐकला. “मी बरी आहे हं. जरा झोप येतेय नुसती. माझ्यापायी मुलांना सोडून नको येऊस.”

रुंग म्हणाली, “झोपू दे तिला. दमली असेल.”

चोम्पूने निरोप पुन्हा लावला. शब्द तोंडात घोळत होते, जीभ जड झाल्यासारखे. मग तिने तो जुना फोटो उघडला. त्यात सगळी मुलं होती, सगळ्या वाट्या होत्या. फोटो काढणारी कुठे दिसणार?

“प्रत्येक वाटीतलं पहिलं बोट ती चाटते, पी,” चोम्पू म्हणाली. “पेज निवलीय का बघायला. प्रत्येक वाटीतलं. आणि आपण तिला विचारलंच नाही.”

तिने फोन लावला. वाजत राहिला. रुंगने दवाखान्याची गाडी बोलावली, पण बाजारात आज गर्दी आहे, गाडीला वेळ लागेल. म्हणून चोम्पू स्कूटर घेऊन पुढे गेली आहे. फाटकाबाहेर वळताना मी तिला पाहिलं. ती अजून परतलेली नाही.

मित्रांनो, माझी तार टाकीपर्यंत जाते, गोदामापर्यंत जाते, आता तर ढगापर्यंतही जाते. त्या कालव्याकाठच्या घरापर्यंत ती जात नाही. तुमच्याही ओळखीत असं कोणीतरी असेलच, जे नेहमी ‘मी बरी आहे’ एवढंच म्हणतं आणि फोन ठेवतं. हे पान मिटा आणि त्यांच्याकडे जा. दार वाजवा. आतून ‘काही नाही गं’ असं ऐकू आलं तर तेवढ्यावर मागे फिरू नका. दार उघडायला लावा, उजेडात बसवा, दोन वाक्यं बोलायला लावा आणि त्यांच्या पापण्यांकडे नीट बघा.