आर्द्रेवर जन्मलेल्यांसाठी सूचना

रामकुंडावर ढुंढिराज गुरुजींना सगळे ओळखत, पण यजमानांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना कोणी हिंग लावून विचारत नसे. ही गोष्ट त्यांना फार लागली होती. म्हणून एके दिवशी त्यांनी ग्रुपवर एक मेसेज ठेवून दिला: 'आर्द्रा नक्षत्राचा तारा फुटणार. पृथ्वीला धोका. आर्द्रेवर जन्मलेल्यांशी सोयरीक तूर्त टाळावी.'

लिहिण्याआधी त्यांनी लेकीला विचारलं होतं, हे विशेष. अपूर्वा कॉलेजात फिजिक्स शिकवते.

"फुटेल बाबा, पण उद्या की लाख वर्षांनी, कोण सांगणार? आणि तो शेकडो प्रकाशवर्षं लांब आहे. पन्नासेकाच्या आत असता तर काळजी होती. फुटला तर भरदिवसा दिसेल, एवढंच."

तरी गुरुजींनी धोका घातलाच. धोक्याशिवाय मेसेज पुढे पाठवतो कोण?

आठवड्याने दिंडोरीच्या सिंधुबाई नातीला, योगिनीला, घेऊन दारात उभ्या.

"गुरुजी, पोरगी आर्द्रेची हाय. पोराच्या बापानं, सावळीराम पाटलांनी, ठरलेलं लगीन मोडलं. तुमचा मेसेज दाखवला. तुमच्या शब्दापुढं आम्ही काय बोलणार? काय ती शांत करून द्या."

दोषाचा एक शब्द नाही. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गुरुजींना वाटलं. स्वतःची अशी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

"शांत नको, सिंधुबाई. धोका नाहीच. मला माहीत होतं, तरी लिहिलं."

योगिनीने मान वर केली. "माहीत होतं?"

तिच्याकडे बघणं त्यांना जमेना. तिच्यादेखतच त्यांनी सावळीरामांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळं कबूल केलं. मोठेपणासाठी खोटं लिहिलं, हेसुद्धा.

 मग सावळीराम म्हणाले, "गुरुजी, मन लय मोठं तुमचं. पोरीचं मोडू नये म्हणून सोताकडं कमीपणा घेता. पण आमच्याबी घरात लेकरंबाळं हायेत. जमायचं नाय." फोन बंद झाला.

सिंधुबाईंचे डोळे भरून आले. "आमच्यापायी खोटं बोललात, गुरुजी," म्हणत त्या त्यांच्या पायाशी वाकल्या. गुरुजी नको नको म्हणत राहिले.

योगिनी मात्र जागची हलली नाही.

"आजी, ऊठ," ती म्हणाली. "खरं बोलले ते आत्ता."