रिव्हर्स नसलेला गाडा

फाटकाबाहेर गाडा धडधडत उभा होता आणि धाकटा कार्बोरेटर रॉकेलात बुडवून घासत बसला होता. कार्बोरेटर मघाशीच लख्ख झाला होता. पण मान वर केली तर फाटक उघडावं लागलं असतं.

"अहो, भाऊजी आलेत," बायको दारातून म्हणाली.

"दिसतंय."

"हाका मारताहेत."

"ऐकू येतंय."

दोघा भावांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. कारण चारचौघांत सांगायला लाज वाटावी एवढंसं. थोरल्याने गिऱ्हाइकादेखत धाकट्याच्या वेल्डिंगला 'थुंकी लावून चिकटवलंय' म्हटलं होतं. धाकट्याने त्याच दिवशी गॅरेजच्या अंगणाचं फाटक लावलं, ते आजतागायत. शहाणी माणसं जमिनीवरून भांडतात. निदान जिंकणाऱ्याच्या पदरात काही पडतं. या भांडणात दोघांच्या वाट्याला नुसत्या मुक्या संध्याकाळी आल्या होत्या. जावाजावांची मात्र कुंपणावरून वाट्यांची देवाणघेवाण चालूच होती. भांडायचं का, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या थोरल्याने उन्हाळाभर खपून हा गाडा बनवला होता. इंजिन नि गिअरबॉक्स भंगारातल्या रिक्षाचे, सांगाडा लोखंडी अँगलचा, फळ्या जुन्या पलंगाच्या. टेकडीमागून सरपण भरून गाडा गल्लीत शिरला, थोरल्याच्या घरामागे रिकामाही झाला. पण गल्ली तिथेच संपते, गाडा वळत नाही, आणि पुढच्या पुढे बाहेर पडायचं तर वाट एकच, धाकट्याच्या अंगणातून.

इंजिन बंद झालं. मग तर घासण्याचा आवाज फारच मोठा वाटू लागला.

"रिव्हर्स नाही याला," थोरला फाटकाला सांगितल्यासारखं म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"ठेवायचा राहिला."

जन्मभर लेथवर ज्याने केसाएवढा फरक सोसला नाही तो माणूस, आणि रिव्हर्स ठेवायचा राहिला! धाकट्याला इतकं बरं वाटलं की तो हातही न पुसता उठला. कडी काढली आणि थेट गाड्याखाली सरकला. चूक जवळून बघण्यात वेगळंच सुख असतं.

रिक्षाच्या गिअरबॉक्सला रिव्हर्सचा दांडा असतोच. तो जिथे बसतो तिथे पत्र्याची नवीकोरी चकती होती. बोल्टांनी आवळलेली, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. विसरलेल्या कामाला कुणी कानस लावत नाही.

धाकटा तसाच पडून राहिला. चाकापलीकडे थोरल्याचे पाय दिसत होते. एका पायाची चप्पल दुसऱ्या पायाचा घोटा खाजवत होती. लहानपणी वडिलांपुढे थाप मारताना तो असाच उभा राहायचा.

"काय म्हणतोस? बसवता येईल?"

"अवघड आहे, दादा. याचा पार्ट मिळत नाही हल्ली."

"मला वाटलंच."

"मिळेपर्यंत इथूनच काढत जा. इलाज काय?"

"तुला रोजचा त्रास."

"आहेच. विसरताना माझा विचार केला होतास का?"

थोरल्याने वाकून हात पुढे केला. धाकटा त्याला धरून बाहेर आला.

"उद्या आणखी एक खेप आणीन म्हणतो," थोरला म्हणाला.

"आणखी कशाला, भाऊजी?" धाकट्याची बायको पायरीवरून म्हणाली. "ताई तर म्हणत होत्या, आताच ठेवायला जागा उरली नाही."

थोरला गाड्याच्या फळीवरची साल नखाने खरवडू लागला.

"यंदा थंडी जास्त पडणार म्हणतात," धाकटा म्हणाला. गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला रिक्षाच्या रिव्हर्सचे दोन दांडे लटकत होते. त्याने अंगातला शर्ट काढला आणि त्यांच्यावर टांगला.