सरजाबाईंनी चहा सोडला तेव्हा

पाथरीच्या दत्तरावांचं नाक साधं नव्हतं. एसटीत वाहतूक नियंत्रक होते तेव्हा ते म्हणे खिडकीत बसूनच सांगायचे, की मानवतकडून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं वाटेत कुठल्या टपरीवर चहा घेतला आणि त्यातलं आलं किसलेलं होतं की ठेचलेलं. ड्रायव्हर शपथा खायचा, साहेब, थांबलोच नाही. दत्तराव एकदा हुंगायचे आणि रजिस्टरात ‘उशिरा’ लिहायचे. सर्दीनं नाक चोंदलेलं असताना त्यांनी बंद डब्यातली पत्ती ओळखली होती, असं सांगणारेही स्टँडवर अजून भेटतात. त्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मंही माणसाला बेजार करायला पुरेसं होतं.

कारण सरजाबाईंनी चहा सोडला.

लग्न झाल्यापासून सकाळी दोघं दारातल्या ओट्यावर बसायची. मध्ये कपबश्या. चहा संपेपर्यंत बोलणं चालायचं: कुणाची म्हैस व्याली, लेकीला, नीलमला, तिच्या सासूनं फोनवर काय टोमणा मारला, नळाला पाणी कधी येणार. नोकरीत दत्तराव दिवसभर लाउडस्पीकरवर ओरडायचे, पण बोलणं म्हणावं असं तेवढंच. रिटायर झाल्यावर तर दिवसात दुसरं काही उरलंही नव्हतं. आणि पोळा झाल्यावर एका सकाळी सरजाबाईंनी एकच कप आणून ठेवला.

“तुझा?”

“मला नको. तुमीच घ्या.”

“कामून? पित्त झालं का?”

“न्हाई. मन होईना.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ओट्यावर दत्तराव एकटे, समोर रस्ता, रस्त्यावर शेळ्या. शेळ्यांशी माणूस बोलून बोलून किती बोलणार?

दत्तरावांनी पुष्कळ विचार केला आणि सगळा दोष पत्तीवर ठेवला. पूर्वी गावात एक दुकानदार खुली पत्ती द्यायचा, दाणा आणि पान आपल्या हातानं मिसळून. पुढं त्याच्या पोरांनी त्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगली आणि दत्तरावांच्या घरात पुडा यायला लागला. पुड्यात पत्ती कसली, भुकटी. रंग असा की त्यात पांढरा सदरा बुडवला तर साधू होऊन बाहेर येईल. चवीचं मात्र नाव नाही. असल्या चहावर बिचारीचं मन होणार कसं? चांगली, वासाची, पेन्शनीत बसणारी खुली पत्ती सापडली की सरजाबाई पुन्हा ओट्यावर येतील, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

पण चहा शोधणाऱ्या माणसाची आपल्या मुलखात एक पंचाईत असते. ज्याच्या दुकानी जावं तो आधी चहा सांगतो. नको म्हणावं तर त्याचं तोंड उतरतं. पाथरीतल्या किराणा दुकानांतून दत्तराव पत्ती शोधत फिरले आणि प्रत्येक दुकानात, ज्या भुकटीला कंटाळून ते निघाले होते, तीच भुकटी उकळून त्यांच्या हातात आली. गुळाची, चॉकलेटची, मातीच्या कुल्हडातली. संध्याकाळी घरी येईपर्यंत पोटात असा डोह साचायचा की चालताना आवाज यायचा, आणि त्या आवाजाला गल्लीतलं कुत्रं भुंकायचं.

शेवटी ते परभणीला गेले. गुडघे कुरकुरत होते, एसटीत उभ्यानंच जावं लागलं. बाजारात जुन्या ओळखीच्या बन्सीधरशेठचं चहापत्तीचं दुकान होतं, आत बरण्यांची रांग.

“या या, दत्तराव! बसा. आधी चहा.”

“शेठ, दया करा. पत्ती दाखवा.”

“पत्ती बी दाखवू. चहा सांगितला तर पळून जाते का पत्ती?”

चहा आला, प्यावा लागला. मग काम सुरू झालं. पत्ती पारखायची तिथली रीत ठरलेली होती. चिमूटभर पत्ती मुठीत घ्यायची, मुठीत गरम फुंकर घालायची आणि लगेच नाक लावायचं. उबेनं वास मोकळा होतो. हुंगून झालेली पत्ती शेठ परत बरणीत टाकू देत नसे; कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात झटकायला लावायचा. दत्तरावांनी फुंकर घातली, हुंगलं, झटकलं. पुन्हा फुंकर, पुन्हा नाक. एका मुठीशी मात्र त्यांचे डोळे मिटले.

“ही! हीच. केवढ्याला?”

शेठनं भाव सांगितला. दत्तरावांनी मूठ हळूच उघडली आणि पत्ती डब्यात झटकली.

“त्याच्या खालची?”

“खालची ही.” शेठनं भुकटीची बरणी पुढं सरकवली. “मधलं काई न्हाई बगा. तुमचं नाक हाय बाराशेचं अन् खिसा दोनशेचा. मी बी काय करू?”

परतीच्या गाडीत कंडक्टर ओळखीचा निघाला. दत्तरावांचा चेहरा बघून म्हणाला, “साहेब, कोणी गेलं का?”

दत्तरावांनी सगळं सांगितलं. कंडक्टरनं आधी इकडं तिकडं पाहिलं. “आता रिटायर झालाव मनून सांगतो. जालन्याकडून येणाऱ्या गाड्या आपल्याकडं लेट कामून यायच्या? तुमी मेमो देऊन देऊन थकलाव. देवगाव फाट्यावर सिद्धोधनचं हॉटेल हाय. त्याच्या चहासाठी आमी मेमो खाल्ले, साहेब. पगारवाढ गेली तरी चहा सोडला न्हाई.”

म्हणून दत्तराव देवगाव फाट्याला गेले. आधी सेलू, तिथून जीप, जीपमध्ये माणसं अशी कोंबलेली की उतरल्यावर स्वतःचा पाय कोणता ते चाचपून बघावं लागलं. फाट्यावर धूळ, ट्रकचे हॉर्न, आणि पत्र्याखाली स्टोव्हपाशी सिद्धोधन, पन्नाशीचा, खांद्यावर नॅपकिन.

दत्तरावांनी पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. कडक होता, पण कडवट नव्हता. मागाहून घशाशी काहीतरी फुलासारखं रेंगाळत होतं. नाकाला जाब विचारावा तर नाकही गप्प.

“पत्ती कुठली, बाबा?”

“परभणीची. बन्सीधरशेठची.”

“शक्य न्हाई! मी सगळ्या बरण्या हुंगून आलो.”

सिद्धोधन हसायला लागला. “मंग तुमी बी हाय का ह्याच्यात? शेठच्या कोपऱ्यात पत्र्याचा डबा बगितला का? गिऱ्हाइकं फुंकतात अन् त्याच्यात झटकतात. भारीतली भारी, हलक्यातली हलकी, सगळी मिसळ. परत इकता येत न्हाई मनून शेठ मला स्वस्तात देतो. निम्म्या जिल्ह्याची फुंकर हाय, काका. उकळलं की सगळं शुद्ध.”

दत्तरावांनी कपाकडं पाहिलं. आपलीही फुंकर यात असेल, असा विचार मनात आला. मग त्यांनी उरलेला चहा बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. सिद्धोधननं पाव किलो पत्ती कागदात बांधून दिली, शेठकडून घेतो त्याच स्वस्त भावात. पुडी छातीशी धरून दत्तराव घरी आले ते असे दमलेले, की दारातली पायरी त्यांना डोंगरासारखी वाटली.

तरी दम खाल्ला नाही. सरळ स्वयंपाकघरात.

“सरजा, पातेलं ठेव. पाणी आधी. न्हाई न्हाई, एवढं न्हाई. उकळी फुटू दे. आता पत्ती. थोडी! चमचा हालवू नको. साखर मागून. आता झाक. झाक मनलं ना!”

सरजाबाईंनी मुकाट्यानं सगळं केलं. चहा गाळला. दत्तरावांनी स्वतः कप भरून त्यांच्यापुढं धरला.

“घे. देवगाव फाट्याचा हाय. आता मन होईल बग.”

“मला नको.”

दत्तरावांनी कप आणखी पुढं केला. “अगं, ह्या पत्तीसाठी मी सगळा जिल्हा पालथा घातला. कोणासाठी? तू परत ओट्यावर बसावं मनून!”

सरजाबाई पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट बघत बोलल्या. “आवो, मी कदी मनलं का पत्ती वाईट हाय? पत्तीचं काय घेऊन बसलाव? रोज सकाळी पयला घोट घेतला की तुमचं सुरू. आज आद्रक लय झालं. आज उकळला न्हाई. आज दूध पातळ. स्टँडवर गाड्या लिवायचाव ना, उशिरा, उशिरा, उशिरा? तसं माझ्या चहाचं लिवत आलाव. इतकी वर्षं झाली, माझी एक तरी गाडी टायमावर आली का?”

दत्तरावांनी आठवायचा प्रयत्न केला. चहाला नाव न ठेवलेली एक तरी सकाळ. आठवेना.

“तुमी नोकरीत होता तवर मी ऐकून घेतलं,” सरजाबाई म्हणाल्या. “मनलं, बोलू द्या, दिवसभर डोकं खाऊन घेतात. रिटायर झाल्यावर जरा जास्तीच झालं. मनून सोडला. घोट बी नको अन् निकाल बी नको.”

तो कप दत्तरावांनी ओट्यावरच्या तुळशीजवळ नेऊन ठेवला आणि तो तिथंच गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तराव आधी उठले. स्वयंपाकघरात बरीच भांडी वाजली. दूध उतू गेलं, साखरेऐवजी आधी पिठाच्या डब्यात हात गेला, आणि पत्ती किती टाकली याचा नाकालाही अंदाज राहिला नाही. सगळ्या जिल्ह्याला चहाची अक्कल शिकवणाऱ्या माणसानं आयुष्यात स्वतः चहा केलेला नव्हता. गाळून दोन कप त्यांनी ओट्यावर मांडले आणि हाक मारली.

सरजाबाई आल्या. बसल्या. कपाकडं पाहिलं. दत्तरावांनी पहिला घोट घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा नव्हता, काढा होता. देवगाव फाट्याची ती पत्ती त्यांनी अशी मारली होती की तिची ओळख तिच्या मळ्याला पटली नसती. जीभ उचलली, आणि त्यांनी ती दातांमागं दाबून धरली. तेवढ्यानंच त्यांना घाम फुटला.

सरजाबाईंनी घोट घेतला. दत्तराव वाट बघत राहिले. स्टँडवर रात्रपाळीला शेवटच्या गाडीची वाट त्यांनी इतक्या काळजीनं कधी पाहिली नव्हती.

सरजाबाईंनी दुसरा घोट घेतला. मग म्हणाल्या, “नीलमचा फोन आला होता काल. सासूनं नवीन भांडण काढलंय.”

“कशावरून?” दत्तरावांनी विचारलं.

मग बरंच निघालं. सासूवरून नळाच्या पाण्यावर, पाण्यावरून शेजारच्या बोअरवर. चहाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. तळाशी थोडा उरला, तो ठेवून त्या उठल्या.

“उद्या बी करू का मी?” दत्तराव म्हणाले. आवाज थकलेलाच होता.

“उद्याचं उद्या बगू,” सरजाबाई म्हणाल्या आणि दोन्ही कप घेऊन आत गेल्या.