सहा सरळ कप

"तुझे ते वाकडे कप नकोत गं, ताई," धाकटी बहीण म्हणाली. "सहा सरळ करून दे. साधे. रोजच्या चहाला."

ताई हसून हो म्हणाली. सरळ कप म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ.

वाकडेपणा सुरू झाला तो मुरगळलेल्या मनगटामुळे. नऊ वर्षांपूर्वी ती जिन्यावरून घसरली. हात सुजला, पण दुकानात माल पोचवायचा होता, म्हणून तशीच कुंभाराच्या चाकावर बसली. अंगठा ऐन वेळी दगा देई आणि प्रत्येक कपाची एक कड खाली झुके. दुकानवाल्या बाईंपुढे तो माल मांडताना तिची मान वर होत नव्हती. चार दिवसांत सगळे कप खपले. गिऱ्हाइकं म्हणाली, यात हात दिसतो.

महिन्याभरात मनगट मोकळं झालं, ती अडकली. दोनदा तिनं सरळ माल नेऊन पाहिला. कारखान्यातला वाटतो, असं गोड बोलून बाईंनी तो परत केला. चालत्या गाडीला खीळ कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. तेही खोटं नव्हतं. लेकीचं शिक्षण त्या कपांवरच झालं.

कुणी काम शिकायला आलं की ताई हातचं राखून न ठेवता सांगे. मातीत बुडबुडा राहू देऊ नका. कप सावलीत वाळवा. कप आणि कान सारखेच ओलसर असताना जोडा. आणि हजार वेळा करावंसं वाटेल, तेच दुकानात दाखवा. शेवटचं वाक्य लोक हसत वहीत उतरवून घेत.

रविवारी दुपारी ती दार लावून चाकावर बसली. कपाची भिंत सुरेख सरळ चढली. कडेशी येताच अंगठा आपणहून खाली गेला. तिनं कप मोडला, पुन्हा केला. पुन्हा तेच. डोळे मिटून पाहिलं, तरी कड झुकलीच; तसे कप ती फळीवर ठेवत गेली. शेवटी अंगठ्याला चिंधी बांधली, तेव्हा कप सरळ आला. पण जाड, ठोकळ्यासारखा, कालच शिकायला लागलेल्या माणसाचा.

नवरा डोकावला. फळीवरचे वाकडे कप पाहून म्हणाला, "सुटीच्या दिवशीही? बाई खूश होतील."

तिनं अंगठ्याची चिंधी सोडली.

दुसऱ्या दिवशी तिनं भांड्यांच्या दुकानातून सहा पांढरे कप घेतले. प्रत्येकाच्या बुडावरचा कारखान्याचा छाप पॉलिशपेपरनं घासून काढला आणि ते वर्तमानपत्रात गुंडाळून बहिणीकडे नेले.

बहिणीनं एक कप हातात घेऊन कौतुकानं फिरवला. "बघ, मनात आणलंस तर किती सफाई आहे तुझ्या हाताला."

"चहा टाक," ताई म्हणाली.

चहा झाल्यावर बहीण नको नको म्हणत असताना ताईनं सहाही कप स्वतः विसळले, कोरडे पुसले आणि इतर भांड्यांसारखे पालथे न घालता, बूड खाली करून फळीवर ओळीनं ठेवले.