पूरक

आम्ही नवरा-बायको दोघंही जन्मापासून पांढरे. केस, भुवया, पापण्या, सगळंच. उजेडात डोळे दिपायचे, दूरचं दिसायचं नाही. हे शाळेत व्याकरण शिकवायचे; पोरं त्यांना 'खडूमास्तर' म्हणत. लग्न ठरलं तेव्हा नणंद म्हणाली होती, "दादा, आता घरात दिवा कशाला लावायचा?"

त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी दवाखान्यात नर्सने बाळ कुशीत दिलं, तेव्हा मी त्याला डोळ्यांशी नेलं आणि परत परत निरखलं. जावळ दाट, काळंभोर होतं.

"हे माझं नाही. बदललंय."

"कुणाशी बदलणार, बाई? आज तुम्ही एकट्याच बाळंत झालात."

मग खरी भीती सुरू झाली. बाळ माझंच होतं. पण यांचं आहे हे कोण मानणार? परक्या पुरुषाचा चेहरा मला धड दिसतही नव्हता, पण हे सांगायचं कुणाला? मी बाळाचं डोकं दुपट्यात गुंडाळलं. 

सासूबाईंनी यांच्यासोबत आत आल्या आल्या दुपटं सरकवलंच. "दोन पांढऱ्यांना हे असं?"

"होतं कधी कधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघांमधला बिघाड वेगवेगळ्या जागी असेल. हिच्यात जे नाही ते यांच्यात शाबूत, यांच्यात नाही ते हिच्यात. बाळाला दोन्ही मिळालं. दोघं एकमेकांना पूरक."

"असेल म्हणजे? नक्की नाही?"

"नक्की सांगणारी तपासणी अजून नाही, आजी."

हे बाळाला नाकाशी धरून बघत होते.  त्यांनी नुसती मान फिरवली असती, तरी मला माहेरचं दार ठोठावावं लागलं असतं. आणि ते उघडलं असतंच असं नाही.

"पूरक," हे पुटपुटले. "आई, मी फळ्यावर 'तो' लिहितो, जागा सोडतो, मग 'आहे' लिहितो. शिक्षक आहे की चोर आहे? मधला शब्द येईपर्यंत वाक्य लटकतं. त्या शब्दाला आम्ही पूरक म्हणतो."

"तुझं व्याकरण घाल चुलीत! हे बाळ कुणाचं आहे ते बोल."

"तेच बोलतोय. ती जागा मी भरणार, तू नाहीस. हे बाळ माझं आहे."

सासूबाई बाळाजवळ आल्या. मग खेकसल्या, "तुझं आहे तर नीट धर की रे! मान लोंबतेय त्याची."

 यांनी विश्वास डॉक्टरीणबाईंवर ठेवला की माझ्यावर? तेव्हा विचारायची छाती झाली नाही. पुढे हे होते तोवर कधीच झाली नाही.